जुन्या मारुती ८०० ला प्लग कुठले टाकायचे: ५, ७ की इरिडियम?

आधी प्रश्न काय आहे तो सांगतो, स्पार्क प्लगचाच आहे. मुलुंडच्या एका दादांकडे वडिलांची १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, नंतर सीएनजी किट बसवलेलं. सिग्नलला उभी राहिली की थरथरते, चढावर मिसिंग मारते, म्हणजे मधूनमधून एखादा सिलिंडर पेटतच नाही. प्लग काढून बघितले तर दोन निघाले एनजीकेचे बीपीआर५ईएस आणि तिसरा निघाला बॉशचा डब्ल्यूआर७डीसी, आणि नेमका तो तिसराच काळाकुट्ट. एक मेकॅनिक म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल. दुकानदार म्हणाला एवढं डोकं लावू नका, तिन्ही इरिडियम टाका, बीपीआर६ईआयएक्स. दादा विचारतायत की ५ घेऊ, ७ घेऊ की इरिडियम, आणि इंजिनचं काय.

दादा, पहिली गोष्ट, इंजिन खोलू देऊ नका, निदान अजून तरी नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन प्लग एका नंबरचे आणि एक वेगळ्याच नंबरचा असेल तर त्या तिसऱ्याच्या रंगावरून रिंगांबद्दल काहीच बोलता येत नाही. आधी तिन्ही एकाच नंबरचे, गाडीला योग्य असे प्लग पडू देत, थोडी गाडी चालू दे, मग जे दिसेल ते खरं. परळच्या आमच्या गॅरेजमध्ये अशा कितीतरी जुन्या गाड्या येतात ज्यांना मालकांनी घाबरून इंजिन कामाला लावायचं ठरवलेलं असतं आणि त्रास निघतो प्लग नाहीतर एचटी लीडचा, म्हणजे प्लगपर्यंत हाय व्होल्टेज नेणाऱ्या जाड वायरचा.

आता तो नंबर वाचायचा कसा ते बघू, कारण दुकानात फसायला होतं ते तिथेच. एनजीकेचा बीपीआर५ईएस घ्या. बी म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलीमीटर आणि पाना लागतो तो षटकोन २०.८ चा, म्हणजे आपला २१ चा प्लग पाना. पी म्हणजे आतलं चिनीमातीचं टोक थोडं बाहेर आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. ५ ही हीट रेंज, म्हणजे प्लग किती हॉट किंवा कोल्ड, ते पुढे सांगतो. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलीमीटर, याच जागी एच असता तर १२.७. आणि एस म्हणजे साधं तांब्याच्या गाभ्याचं मधलं इलेक्ट्रोड. शेवटी डॅश ११ लिहिलेलं असेल तर गॅप, म्हणजे मधल्या आणि बाहेरच्या इलेक्ट्रोडमधली फट, कंपनीतूनच १.१ मिलीमीटरचा येतो.

बॉशचं पण तसंच आहे, डब्ल्यू म्हणजे १४ चे आटे आणि मोठा षटकोन (एफ असेल तर १६ चा षटकोन), आर म्हणजे रेझिस्टर, ७ हीट रेंज, डी म्हणजे १९ ची लांबी आणि टोक बाहेर आलेलं, सी म्हणजे तांब्याचा गाभा. म्हणजे मापाने दोन्ही प्लग अगदी सारखे, दोन्ही बसतात, आटे बरोबर जुळतात, म्हणून तर कोणीतरी तो बिनधास्त बसवून दिला.

गोंधळ आहे तो हीट रेंजच्या आकड्यात. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग कोल्ड होत जातो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं, आकडा वाढला की प्लग हॉट. त्यामुळे बॉशचा ७ म्हणजे एनजीकेचा ७ नाहीच, तो एनजीकेच्या ६ च्या जागी येतो. एनजीकेच्या ५ ला बॉशमध्ये डब्ल्यूआर८डीसी घ्यायला लागतो. डेन्सोमध्ये ५ ला १६ आणि ६ ला २०, चॅम्पियनमध्ये एनजीकेच्या बीपीआर६ईएसला आरएन९वायसी. काउंटरवरच्या पोराला घाई असते, ५ नाहीये तर ७ घ्या, थोडा जास्त पॉवरचा आहे असं सांगून मोकळा होतो, पण हा आकडा पॉवरचा नाहीच.

हॉट आणि कोल्ड याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण जुन्या गाडीत सगळा खेळ याचाच आहे. हॉट प्लगची ठिणगी जास्त गरम असते असं अजिबात नाही. फरक एवढाच की आतलं चिनीमातीचं टोक किती लांब आहे. टोक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) पोचायला वेळ लागतो, टोक गरम राहतं, तो हॉट प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो कोल्ड. टोकाचं तापमान साधारण ४५० डिग्रीच्या वर राहिलं की त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते, प्लग स्वतःला साफ ठेवतो. त्याच्या खाली राहिलं की काजळी साठत जाते, आणि कार्बनमधून करंट जातो, म्हणून ठिणगी गॅपमध्ये पडायच्या ऐवजी काजळीवरून हेडमध्ये उतरते, तेच तुमचं मिसिंग. उलट टोक ८५०-८७० डिग्रीच्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं, ते पिस्टनला मारक. म्हणून कोल्ड चुकला तर गाडी त्रास देते, हॉट चुकला तर इंजिन जातं, हे लक्षात ठेवून निवड करायची.

आता तुमचं रोजचं चालवणं बघा. मुलुंड ते अंधेरी, जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), सकाळी आणि संध्याकाळी. पवईच्या तिथे पहिला-दुसरा गिअर, क्लच दाबून थोडं पुढे, परत न्यूट्रल. अशा चालवण्यात इंजिन भले तापतं, पण प्लगचं टोक तापत नाही, कारण टोक तापतं लोडवर, आणि जाममध्ये लोड कुठे असतो. त्यात जर तिसऱ्या सिलिंडरमध्ये इतर दोघांपेक्षा एक पायरी कोल्ड प्लग बसलेला असेल तर तो आधी काळा पडणार यात नवल काय? मी म्हणत नाही की हेच कारण आहे, रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलपण असू शकतं, पण सगळ्यात स्वस्त कारण आधी बाजूला काढायचं.

दुसरं, त्या काळ्याला बोट लावून बघा. कोरडी मऊ काजळी बोटाला लागत असेल तर ते पेट्रोल जास्त आणि टोक थंड याचं लक्षण, चोक पूर्ण परत जात नसेल, एअर फिल्टर चोंदला असेल, कार्ब्युरेटर रिच सेट केला असेल, नाहीतर प्लग कोल्ड. ओला, चिकट, चकचकीत काळा असेल तर ऑइल वर येतंय. ओला पण पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीच पडत नाहीये, मग लीड आणि कॅप बघा. फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा रंग असेल तर उत्तम. आणि पांढराफटक, वर बारीक फोड किंवा दाणे दिसत असतील तर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा फार गरम, ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

फक्त तुमची गाडी सीएनजीवर आहे म्हणून रंग वाचताना फसू नका. सीएनजीवर प्लग तसाही पांढरट-राखाडी दिसतो, कारण गॅसची काजळी फार होत नाही. काळा प्लग जर सीएनजीवर चालवून निघाला असेल तर संशय ऑइलवर जास्त, पेट्रोलवर चालवून निघाला असेल तर कार्ब्युरेटरवर. म्हणून प्लग तपासायच्या आधी गाडी कुठल्या इंधनावर चालवली ते लिहून ठेवा. आणि जाममधून आल्या आल्या प्लग काढून बघण्यात अर्थ नाही, आयडलिंगवर सगळेच प्लग काळे दिसतात. रविवारी सकाळी लवकर नाशिक हायवेला मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर एकसारखी चालवा, बाजूला सुरक्षित जागा बघून उभी करा, आयडलिंगवर न ठेवता लगेच बंद करा, आणि इंजिन निवल्यावर प्लग काढा. तो रंग खरा.

सीएनजीचा अजून एक मुद्दा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे हे व्होल्टेज तयार करणारी जी कॉइल, जी लीड पेट्रोलवर कशीबशी चालून जाते ती गॅसवर हात टेकते, आणि मालकाला वाटतं किट खराब झालं. मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांनी हे फार भोगलंय. आपल्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत टॅक्सी म्हणून चालली, शेवटची कित्येक वर्षं गॅसवरच, आणि जुने ड्रायव्हर प्लगचा गॅप थोडा कमी ठेवून चालवायचे ते याचसाठी. तुम्हीपण तेच करा. मॅन्युअलमध्ये जो गॅप दिलाय त्यापेक्षा ०.१ कमी ठेवा, म्हणजे ०.८ असेल तर ०.७. फिलर गेजने मोजा, डोळ्याने नाही, आणि बाहेरचं इलेक्ट्रोड हळूच वाकवा, मधल्याला धक्का लावायचा नाही. डॅश ११ वाले प्लग, किंवा बॉशचे शेवटी एक्स असलेले, ते १.१ गॅपचे असतात, जोरदार कॉइलच्या नव्या गाड्यांसाठी, ते घेऊच नका.

इथेच डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाचं, झाकण उघडून बघून घ्या की आत जुन्या पद्धतीचे पॉइंट-कंडेन्सर आहेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंटवाली असेल तर गॅप अजून जपून, आणि आधी पॉइंटचा गॅप बरोबर लावून घ्या, नाहीतर नवीन प्लगला तुम्ही उगाच दोष द्याल.

बरं, मग जुन्या प्लगचा नंबर बघूनच नवीन घ्यायचा का? हे सगळे करतात, आणि पंचवीस वर्षं जुन्या गाडीत हे सगळ्यात धोक्याचं आहे. मधल्या काळात किती हात लागलेत कोणाला माहीत, ज्याला जे मिळालं ते त्याने टाकलं, पुढच्याने तोच नंबर खरा समजून चालवला. मॅन्युअल पहिलं, जुना प्लग दुसरा. वडिलांच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये किंवा डॅशबोर्डच्या खणात मॅन्युअल असेल तर शोधा. नसेल तर प्लग कंपनीचा कॅटलॉग बघायला लावा, आणि तिथे नुसतं मारुती ८०० एवढं सांगू नका, वर्ष सांगा आणि कार्ब्युरेटर हे सांगा, कारण ८०० नंतर एमपीएफआयमध्येपण (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन) आली आणि नाव तेच राहिलं. दोन प्लग ५ चे निघालेत म्हणजे बहुतेक कोणीतरी पुस्तक बघून टाकले असावेत, पण खात्री करा.

लांबीबद्दल मात्र अजिबात तडजोड नाही. १२.७ च्या जागी १९ चा टाकला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो, आणि नाही लागला तरी आतमध्ये उघडे राहिलेले आटे कार्बनने भरतात, मग काढताना हेडचे आटे घेऊनच बाहेर येतो. उलट १९ च्या जागी आखूड टाकला तर हेडचे खालचे आटे उघडे पडतात, त्यात कार्बन बसतो, आणि नंतर बरोबर लांबीचा प्लग नीट जात नाही. अल्युमिनियमच्या हेडला आटे गेले की हेलिकॉइल मारायचं, म्हणजे तारेचे नवीन आटे बसवायचं काम निघतं, प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट. जुना आणि नवीन प्लग शेजारी शेजारी धरून बघायला एक मिनिट लागतं, ते करा.

आता इरिडियम. इरिडियमचा प्लग वाईट नाही, चांगलाच आहे. मधलं टोक बारीक असतं, ०.६ मिलीमीटर किंवा त्याहून कमी, त्यामुळे कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते, आणि धातू कठीण म्हणून टोक लवकर झिजत नाही. ज्या नव्या गाड्यांना प्लग बदलायला मॅनिफोल्ड उतरवायला लागतं तिथे त्याचा उपयोग फार. पण तुमच्या गाडीत प्लग समोर दिसतात, हाताला येतात, पाच मिनिटांचं काम. आणि काजळी किंवा ऑइल आलं तर इरिडियमपण काळा पडतोच, धातू महाग आहे म्हणून काजळी लांब राहत नाही. त्यात दुकानदाराने दाखवला तो ६ चा, म्हणजे आधी सांगितलं तो एक पायरी कोल्डचा प्रश्न परत तसाच. एका इरिडियमच्या पैशात तीन साधे प्लग आरामात येतात, उरलेल्या पैशात नवीन एचटी लीडचा सेट, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर घ्या. गाडीत फरक त्याने पडेल. दोन-तीन-चार बाहेरची इलेक्ट्रोड असलेले प्लग मिळतात त्यांच्याही मागे लागू नका, ठिणगी एका वेळी एकाच ठिकाणी पडते.

लीड आणि कॅपवर मी जोर देतोय कारण आपल्या हवेत पावसाळ्यात पहिली मार त्यांनाच बसते. जुन्या लीडच्या रबराला बारीक चिरा पडतात, ओलावा शिरतो, आणि हाय व्होल्टेज प्लगपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पळतं. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि नुसतं बघा, हात लावू नका. कुठे निळसर ठिणगी नाचताना दिसली तर चोर सापडला. कॅपच्या आतून केसासारखी काळी रेघ गेलेली दिसली तर ती कॅप साफ करून उपयोग नाही, बदला.

रेझिस्टरबद्दल पण लोक विचारतात, जुन्या गाडीला आरवाला चालतो का, ठिणगी कमकुवत होते का. चालतो. आतला रेझिस्टर साधारण ५ किलोओहमचा, रेडिओची खरखर कमी करायला, गाडीच्या ओढीत फरक जाणवत नाही. फक्त कोणी हौसेने लीडच्या टोकाला वेगळे सप्रेसर बसवले असतील तर ते बघून घ्या. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मात्र आरवालाच टाका, बिनरेझिस्टरचा नको.

एनजीकेचा ५ की ६ (बॉशमध्ये ८ की ७) याचं माझं उत्तर असं. तुमचं चालवणं शहरातलं, म्हणून मॅन्युअल ५ म्हणत असेल तर ५ च, तिन्ही, बीपीआर५ईएस किंवा डब्ल्यूआर८डीसी, एकाच कंपनीचे. गॅसवर एक पायरी कोल्ड टाकायचा सल्ला बरेच जण देतात आणि तो चुकीचा नाही, जी गाडी दिवसभर गॅसवर, भरलेली, हायवेला पळते तिला मी स्वतः ६ देतो. गणपतीला तुम्ही चौघं सामान घेऊन चिपळूणला जाणार असाल, कशेडी घाट चढणार असाल, तरी तेवढ्यासाठी वर्षभर ६ ठेवू नका. घाटात नॉकिंगचा कटकट आवाज आला तर गिअर खाली टाका आणि परत आल्यावर टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) तपासा, कारण जुन्या गाडीत नॉकिंग बहुतेक वेळा टायमिंगमुळे असतं. आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर कार्ब्युरेटरच्या गाड्या थोड्या लीन चालतात, प्लग आधीपेक्षा फिकट दिसतो, पिकअपला अडखळते. त्याला उपाय कोल्ड प्लग नाही, मिश्रण सेट करून घ्या, आणि पेट्रोलचे रबरी पाइप बदलले नसतील तर आधी ते बदला.

घेताना नकली मालाकडे लक्ष ठेवा. ऑपेरा हाऊसच्या बाजूला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला घ्या, चालेल, पण बॉक्समधला आणि पक्क्या बिलावर घ्या, सुटा नको. हातात घेऊन बघा, बाहेरचं इलेक्ट्रोड मधल्यावर सरळ बसलंय का, छपाई नखाने निघते का, आटे स्वच्छ आहेत का, वायसर सहज गळून पडतो का. असली प्लगचा वायसर अडकवलेला असतो, तो असा सुटून हातात येत नाही. जुने मेकॅनिक अजून मायको प्लग म्हणतात, ते बॉशच, भारतातली कंपनी २००८ पर्यंत मायको नावानेच होती. आज कोणी मायको छापलेला कोरा प्लग नवीन म्हणून विकत असेल तर तो वर्षानुवर्षं पडून राहिलेला जुना स्टॉक तरी असेल नाहीतर नकली.

जुने प्लग वायर ब्रशने घासून परत टाकायची सवय असेल तर सोडा. ब्रशच्या तारेचा धातू चिनीमातीवर घासला जातो आणि करंटला गळायला वाट मिळते.

बसवताना इंजिन थंड पाहिजे. आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. प्लगच्या मागे पेट्रोलच्या रबरी पाइपचा तुकडा अडकवून हातानेच आटे पकडा, आडवा जात असेल तर पाइप घसरतो आणि आटे वाचतात. हाताने टेकला की मग पान्याने अर्धा फेरा, फार तर अर्ध्यापेक्षा थोडा जास्त, नवीन वायसर तेवढ्यात दबतो. वापरलेला प्लग परत टाकताना अगदी थोडंसं. टॉर्क पाना असेल तर अल्युमिनियम हेडला २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका, वंगण लागलं की नकळत जास्त आवळला जातो.

मग पाचशेएक किलोमीटर चालवा आणि परत काढून बघा. तिन्ही सारखे आणि कोरडे दिसले तर रिंगांचा विषय संपला. तिसऱ्यामध्ये नवीन बरोबर नंबरचा प्लगसुद्धा ओला चिकट काळा निघाला तर त्या मेकॅनिकचं म्हणणं तपासायला हवं, आणि ते तपासता येतं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, थ्रॉटल पूर्ण उघडून. तिसरं कमी आलं तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि परत घ्या. आकडा चांगला वर चढला तर रिंगा, फारसा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीये. आणि कॉम्प्रेशन तिन्हीकडे सारखं आहे, पण सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थोड्या वेळाने थांबतो, असं असेल तर व्हॉल्व्ह सील गेलेत. ते हेड न उतरवतासुद्धा बदलता येतात, त्यासाठी कोणी रिंग-बोअरचं काम सांगत असेल तर नाही म्हणा.